नानांचं वासरू : शेडमधल्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

नाना गेले ते यंदाच्या भोगीला, १४ जानेवारीला. तेव्हापासून शेडला कुलूप. आज काकूनं कमरेची किल्ली काढून दिली, पण कुलूप काही उघडेना. खोबरेल सोडलं, दहा मिनिटं थांबलो, मग कुठं दांडी सरकली. आत उंदरं, जुनं ऑइल आणि सरकी पेंड यांचा मिळून एकच वास.

घाई व्हायचं कारण चुलत भाऊ. नानांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. दिवाळीला आला तो भंगारवाल्याशी बोलूनच आला. "भैय्या, गंजून मातीत जाण्यापेक्षा चार पैसे तरी येतील. आईच्यानं हे सांभाळणं होत नाही." त्याचं चुकतंय असं मला वाटत नाही. शेडमध्ये आहे काय, तर दोन फुटके कुकर, सायकलची तीन चाकं, रोलरची एक जुनी घंटा, मोटारी, नळ्या, आणि कशाचे ते ओळखू न येणारे लोखंडाचे तुकडे. मी वर्षश्राद्धापर्यंतची मुदत मागून घेतली. पौष शुद्ध चतुर्थी ३ जानेवारीला येते. म्हणायला दोन महिने, पण लातूरच्या आयटीआयमधलं शिकवणं सांभाळून माझ्या हाती येणार ते फक्त रविवार.

सगळं वाचवायचं म्हटलं तर काहीच वाचणार नाही. कडबा कुट्टी, म्हणजे चारा कापायचं यंत्र, शेजाऱ्याकडं चालू आहे, ती तिथंच राहू दे. गोबरगॅसचा ड्रम जाळीसारखा झालाय. वाचवायचं ते एकच : दूध काढायचं मशीन. गावात त्याला कुणी मशीन म्हणत नाही. "नानाचं वासरू" म्हणतात.

१० नोव्हेंबर, रविवार

वासरू अंगणात आणून सुटं केलं. नानांनी नकाशा काढलेला नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

पंप. डिझेल जीपच्या अल्टरनेटरच्या पाठीला एक छोटा व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेक हलका लागावा म्हणून बूस्टरमधली हवा ओढणं एवढंच त्याचं काम. नानांनी उदगीरच्या जुन्या बाजारातून असला एक अल्टरनेटर आणला आणि एक एचपीच्या सिंगल फेज मोटारीला पट्टा लावून फिरवला. जीपमध्ये या पंपाला इंजिनातून ऑइल मिळतं. इथं इंजिनच नाही. म्हणून वर खिळ्याला सलाईनची बाटली, खाली नळी, आणि थेंब कमी-जास्त करायची ती पांढरी चकती. बाटलीत ऑइल. दवाखान्यात पेशंटला लावतात तसं पंपाला लावलेलं.

बादली. बादली म्हणजे आचाऱ्याकडचा २२ लिटरचा कुकर. त्याआधीचा एक फसलेला कुकरही शेडमध्ये सापडला, आणि तो का फसला हे हातात घेतल्यावर कळलं. तो आतल्या झाकणाचा आहे. वाफ आतून दाबते तेव्हा तसलं झाकण गच्च बसतं, पण आतली हवा ओढून घेतली की ते खाली पडतं. दुसरा बाहेरच्या झाकणाचा, रबरी रिंगवर टेकणारा. त्यात जितकी ओढ जास्त तितकं झाकण घट्ट. पोरांना दाब शिकवताना मी फळ्यावर बाण काढत बसतो. हे दोन कुकर टेबलावर ठेवले असते तर बाण लागले नसते.

ठोका. यंत्रानं नुसतं ओढत राहून चालत नाही. सडाच्या टोकाला रक्त साकळतं, सड सुजतो, पुढं कासदाह. म्हणून कपाच्या आत रबरी लायनर असतो. लायनर आणि स्टीलचा कप यांच्यामधल्या जागेत एकदा ओढ, एकदा बाहेरची हवा, असं आलटून पालटून सोडतात. ओढ असली की लायनर उघडतो आणि दूध येतं. हवा आली की तो मिटतो आणि सड चेपला जातो. मिनिटाला साधारण साठ वेळा. विकतच्या यंत्रात हे काम पल्सेटर करतो. नानांच्या यंत्रात काचेवरचा वायपर फिरवणारी मोटार करते. तिला दोन वेग असतात, त्यातला जलद वेग साठच्या आसपास पडतो. मोटारीच्या टोकाला नायलॉनची एक वेडीवाकडी चकती, ती फिरताना एक झडप उघडते-मिटते.

चकती वेडीवाकडी आहे असं मला वाटलं. कागदाची पट्टी तिच्यावर गुंडाळून खुणा केल्या : पूर्ण घेर १८८ मिमी, उंच भाग ११३ मिमी. म्हणजे ६० टक्के ओढ, ४० टक्के विसावा. कंपनीच्या माहितीपत्रकात हेच प्रमाण छापतात. नाना सातवी नापास.

१७ नोव्हेंबर, रविवार

मशीनला हात नाही. दिवसभर पावत्या वाचल्या.

डेअरीत दूध घातलं की लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लिहिलेला चिठोरा मिळतो. नाना तो फेकत नसत. शेडच्या आढ्याला एक तार टांगलेली आहे, खालचं टोक वाकवून टोकदार केलेलं. पावती आली की तिच्यात ओवायची. अशा चार तारा भरल्यात. छापील बाजूला डेअरीचा हिशेब आणि पाठीमागं नानांचा. "कपाची नळी आखूड करणे." "थंडीत तेलाचे थेंब मोजणे." "वासरू पिते ते बघितले. ओढते, थांबते, ढुसणी देते. थांबते हे महत्त्वाचे."

नानांचा जन्म पोलीस अॅक्शनच्या साली, म्हणजे १९४८. आमच्या भागात त्या पिढीला तारीख विचारली की रझाकारांच्या धामधुमीच्या आधी की नंतर एवढंच सांगतात. बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन दिवस काढले, आणि तिथं रोड रोलरवाल्याच्या हाताखाली लागले. नट कोणत्या बाजूनं सुटतो इथपासूनचं सगळं शिक्षण तिथलं. नंतर उदगीरला सरकारी दूध भुकटीचा कारखाना झाला, गावोगाव दूध गोळा व्हायला लागलं, आणि ज्यांच्या दावणीला नुसते बैल होते त्यांनी गायींच्या दुधाकडं बघायला सुरुवात केली. नानांकडं देवणी. देवणीत तीन तऱ्हा सांगतात : वानेरा, शेवरा, बाळंक्या. पांढऱ्या अंगाची पण तोंडाला काळेपणा असलेली वानेरा, अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा, आणि जवळजवळ सगळी पांढरी ती बाळंक्या. जात औताची आणि दुधाची दोन्ही, म्हणून दुधाला जर्सीशी बरोबरी नाही. आजूबाजूच्यांनी संकरित गायी आणल्या, नानांनी आणल्या नाहीत. मला ते हट्टाचं वाटे, आणि अजूनही थोडं वाटतं. हिशेबाच्या पावत्या माझ्याच बाजूनं बोलतात.

एका वर्षीच्या पावत्यांवर फॅटच्या आकड्याभोवती लाल गोल आहेत. फॅट कमी लावतात असा नानांना संशय. कोणत्या संकलन केंद्रावर, ते लिहीत नाही. माणूस आता तिथं नाही. नानांनी फॅट काढायचं सामान आणलं : काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक अॅसिड, वर १०.७५ मिली दूध, वर १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं आणि गरगर फिरवायचं, म्हणजे स्निग्ध भाग वर येऊन नळीच्या खुणांवर उभा राहतो. फिरवायला सायकलचं चाक आडवं बसवलं. वेग कमी पडे म्हणून जास्त वेळ फिरवत. काकूचं म्हणणं, त्या पंधरवड्यात तीन धोतरांना भोकं पडली. पुढं केंद्रावर काय बोलणं झालं ते पावतीवर नाही. पण लाल गोल एका तारखेनंतर थांबतात आणि फॅट चार पॉइंटांनी वर गेलेली दिसते.

शेड पत्र्याचं का, हेही आज काकूनं सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या घराला नुसत्या भेगा पडल्या. पण तिकडं माणसं मेली ती दगडाच्या भिंती आणि माळवदाच्या मातीखाली. नाना दोन दिवस तिकडं ढिगारे उपसायला गेले होते. परत आले, जेवले, आणि कुदळ घेऊन स्वतःच्या धडधाकट माळवदावर चढले. वरची सगळी माती खाली ओढली. "म्या म्हणलं, ह्यानला येड लागलं. कुणाला काय सांगनात, नुसती माती लोटायलेत."

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान केंद्रावर ड्युटी. काल दुपारपासून इथंच. काम शून्य. रात्री पेटीजवळ बसून लायनरची ऑर्डर मोबाइलवर टाकली, चार नग.

२४ नोव्हेंबर, रविवार

कप चार, पण चौथ्याला सुतळीनं बांधलेला बाभळीचा एक बूच लोंबतोय. तासून गुळगुळीत केलेला, बोटाएवढा, टोकाला जुन्या ट्यूबचं रबर. मी कापून टाकणार होतो.

"ऱ्हाऊ दे," काकू म्हणाली. "चंद्रीचा हाय त्यो."

चंद्री शेवरा होती. कासदाहानं तिचा मागचा डावा सड बसला, तीन सडांवरच राहिली. चार कपांतला एक मोकळा लोंबत राहिला तर तिथून हवा घुसते आणि बाकीच्या तिघांची ओढ जाते. म्हणून बूच. चंद्रीसाठीच हे सगळं सुरू झालं असं मी धरून चाललो होतो. काकू म्हणाली तसं नाही, सुरू झालं ते तिच्या हातामुळं.

तीस वर्षं दोन्ही वेळा धारा काढून काकूच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. रात्री झोपेतून उठून हात झटकायची. चहाची कपबशी हातातून सुटायची. डॉक्टरांनी मनगटातली नस दबलीय म्हणून सांगितलं आणि धारा बंद करायला सांगितल्या. नानांनी स्वतः काढून पाहिल्या, पण त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कडबा कुट्टीत गेलेली, आणि चंद्री त्यांच्या हाताला पान्हा घालीना. मग कुकर आला. पहिला आतल्या झाकणाचा.

चंद्री २०२२ च्या लम्पी रोगाच्या साथीत गेली. अंगभर गाठी, पायाला सूज, नवव्या दिवशी खाली बसली ती उठली नाही. शासनाची भरपाई दुभत्या गाईला ३० हजार होती, ती आली. त्या पैशात काकूच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. हे सांगताना काकू हसली. "गाईनं पान्हा चोरला न्हाई बग शेवटपस्तोर."

आता दावणीला चंद्रीची लेक, हौशी. अंगानं जवळजवळ पांढरी. दिवाळीच्या आधी दुसऱ्यांदा व्याली. चारही सड चालू. नाना गेल्यापासून डेअरीला दूध नाही. एका वेळचं दीड-दोन लिटर घरात आणि शेजारात संपतं.

१ डिसेंबर, रविवार

मोटारीचा कपॅसिटर गेलेला, बदलला. पंप हातानं फिरेना. उघडला तर आतली पाती घट्ट झालेल्या ऑइलमध्ये चिकटून बसलेली. रॉकेल आता मिळत नाही, डिझेलमध्ये बुडवून ठेवली. नळीतून उंदराचं घरटं निघालं : कापूस, कडब्याचं पान आणि एका पावतीचे तुकडे.

ओढ ठरावीक ठेवायला नानांनी केलेली झडप आज नीट पाहिली. एका नळीच्या बुडाला भोक, भोकावर आतून एक वजन टेकलेलं. आतली ओढ वाढली की बाहेरची हवा वजनाला खालून वर उचलते, थोडी आत शिरते, ओढ कमी होते, वजन परत बसतं. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. वजन म्हणजे किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं, पण कानशीनं घासून खाल्लेलं. तराजूवर ठेवलं : ४०२ ग्रॅम.

८ डिसेंबर, रविवार

पंप फिरला. कुकरचं झाकण दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, हललं नाही. आयटीआयतून व्हॅक्यूम गेज आणलाय, तो १२ इंच पारा दाखवतो. बादलीच्या यंत्राला १५ इंच, म्हणजे ५० किलोपास्कल, असं माझ्याजवळच्या माहितीपत्रकात आहे. वजन झिजलंय हे उघड होतं. बाजारातून शिक्क्याचं नवीन अर्धा किलो आणलं, बसवलं. गेज बरोबर १५ वर. समाधान वाटलं.

आणखी एक सुधारणा : चालू-बंदचा खटका खांबावर गुडघ्याच्या उंचीला होता. लेकरंही हात घालतील. छातीच्या उंचीला नवीन भोक पाडून वर घेतला. फ्रेमला लावलेली सायकलची घंटी कशाशीच जोडलेली नव्हती, ती काढून डब्यात टाकली.

१५ डिसेंबर, रविवार

हौशीवर पहिली चाचणी. फसली.

वासरू पाजलं, कास धुतली, पहिल्या चिळा काढून टाकल्या, कप लावले. सुरुवातीला ठीक. अर्ध्या मिनिटात तिनं मागचा पाय उचलला. काकू "हो, हो, बाई" करीत पाठीवरून हात फिरवत होती. दुसऱ्या मिनिटाला लाथ. कप शेणात, कुकर आडवा, सलाईनची बाटली फुटून ऑइल माझ्या डोक्यावर. हौशीचे सड बघितले, टोकं लालबुंद झालेली. काकूनं हळद आणि तूप लावलं आणि माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

१६ डिसेंबर, सोमवार, लातूर

झोप नाही. रात्री गणित मांडलं. भोक ७/१६ इंचाच्या ड्रिलनं पाडलेलं, म्हणजे ११.१ मिमी व्यास, ०.९७ चौरस सेंटिमीटर. त्यावर अर्धा किलो ठेवलं तर १५ इंच. नानांचं घासलेलं ४०० ग्रॅम ठेवलं तर १२ इंच. वजन झिजलेलं नाही, कानशीनं बसून बेतलेलं आहे. किराणा दुकानात झिजलेल्या वजनावर कानशीच्या रेघा नसतात, हे फिटर शिकवणाऱ्याच्या नजरेत यायला हवं होतं.

तारेतल्या पावत्यांचे फोटो मोबाइलमध्ये होते, ते परत चाळले. सापडलं. एकाच महिन्यातल्या सहा पावत्या.

"पूर्ण वजन. अंगठा कपात घातला. दोन मिनिटात काळा-निळा."

"५ तोळे कमी. अंगठा दुखतो."

"अजून घासले. अंगठा लाल, दुखत नाही. चंद्रीला लावले. पाय उचलला."

"अजून थोडे. चंद्री उभी."

पुढच्या दोन पावत्यांवर पाठीमागं काहीच नाही. मी माझा अंगठा कपात घालून पाहायला रविवारपर्यंत थांबणार आहे, पण पूर्ण वजनावर नाही.

२२ डिसेंबर, रविवार

पूर्ण वजनावरच पाहिला. दीड मिनिटात बंद केलं. नंतर ४०२ ग्रॅम लावून पाच मिनिटं. घट्ट धरल्यासारखं वाटतं, दुखत नाही.

संध्याकाळी हौशी. आठवडाभर काकूनं हातानंच काढलं होतं, सड बरे झालेत. या वेळी पाय उचलला नाही, शेपटीही हलवली नाही, पण दूधही नाही. आलं ते अर्धा लिटर, सडात आणि कासेच्या खालच्या अंगाला आधीच उतरलेलं. बाकीचं तिनं वर धरून ठेवलं. देवणीचं हे ठरलेलं दुखणं : वासरू तोंडाशी नसलं की पान्हा चोरते. पान्हा उतरायला गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन यावं लागतं, आणि ते आलं तरी त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. बाजारात त्याचं इंजेक्शन चोरून मिळतं. नानांनी ते गोठ्यात कधी आणू दिलं नाही, त्यापायी एका विक्रेत्याला शिव्याही घातलेल्या मी ऐकल्यात.

काकू कप काढता काढता म्हणाली, "घंटी कुठाय?"

"डब्यात."

"मंग कशी दील?"

कास धुवायच्या आधी नाना घंटी वाजवायचे. दोनदा. मग वासरू सोडायचे, मग खुराक, मग कप. रोज त्याच क्रमानं. दोन-तीन महिन्यांत अशी वेळ आली की घंटी वाजली की चंद्रीच्या सडातून आपोआप थेंब गळायचे. हौशीनं ती घंटी वासरू असल्यापासून ऐकलेली. मी ती बिनकामाची म्हणून काढली.

घंटी परत बसवली. खटकाही. आज काकूला बसलेली बघितली तेव्हा लक्षात आलं : ती गाईजवळ बसकुराला बसते, कप सावरायला एक हात लागतो, आणि उजवा खांदा वर जात नाही. छातीच्या उंचीवरचा खटका तिच्या डोक्याच्याही वर. गुडघ्याची उंची माझी होती, तिचा तो कोपर. खांबाला आता एक भोक फुकटचं आहे.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस

लातूर जिल्हा आज शेतात असतो. वेळ अमावस्येला इथं सुट्टी जाहीर करावी लागत नाही. कडब्याची कोप, त्यात पाच पांडव, घोंगडी, भज्जी, उंडे, आंबील. हरभरा घाट्यात आलाय, ज्वारी पोटऱ्यात. भाऊ चाकणहून काल रात्री आला. आंबील शिंपडत बांधावरून फिरताना त्याला मशीनचं सांगितलं. घंटीचं सांगितल्यावर तो थांबला.

"पितळी टोपीची? वर कमळ कोरलेलं?"

"हो."

"माझ्या सायकलची आहे ती. दहावीला होतो, शाळेतून कुणी चोरली म्हणून नानांनी मला दोन दिवस सुनावलं होतं. घंटी सांभाळता येत नाही, म्हणे."

काकू कोपीत हसून हसून खोकायला लागली. तिला माहीत होतं. चोरली शाळेतच होती. नानांनी ती आठवड्यानं बाजारात ओळखली, वीस रुपये देऊन परत घेतली, आणि पोराला सांगायचं राहून गेलं. शेडमध्ये खिळ्याला तेवढी वर्षं पडून होती.

दुपारी आम्ही सगळे जेवून आडवे झालो. भंगाराचा विषय निघाला नाही. मी काढला नाही, त्यानंही नाही.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

सकाळी श्राद्ध. माणसं तीनपर्यंत पांगली.

साडेपाचला गोठ्यात. थंडीनं ऑइल घट्ट झालेलं, थेंब पडेना. सलाईनची नवी बाटली गरम पाण्याच्या तांब्यात दहा मिनिटं धरली, मग मिनिटाला सहा थेंब. वायपरच्या मोटारीची बॅटरी भरलेली. भावानं मोबाइलवर घड्याळ लावून ठोके मोजले : ६१. मोटारीचा आवाज हौशीला नवा नाही, तिनं एकदा कान मागं घेतले आणि परत खुराकात तोंड घातलं.

घंटी भावानं वाजवली. दोनदा. हौशीनं मान वळवून बघितलं. त्याच्याकडं नाही, त्याच्या मागं, दाराकडं. मग वासरू सोडलं. मिनिटभर पिऊ दिलं, काढलं, कास धुतली. पान्हा घंटीनं उतरला की वासरानं, हे कसं ठरवणार, दोन्ही लागोपाठच झालं. कप लावले. दुधाची नळी पारदर्शक आहे, त्यातून पांढरं सरकताना दिसलं, थांबलं, सरकलं, थांबलं.

साडेपाच मिनिटांनी धार पातळ झाली. काकूनं बसल्याजागी कोपरानंच खटका खाली केला, कप उतरवले, आणि चारही सडांतली शेवटची धार डाव्या हातानं काढली. "मशीन सोडतंय ती फॅट," म्हणाली. पावशेर निघालं. सगळं मिळून एक लिटर आठशे.

काकूनं ते दूध घरात नेलं नाही. किटलीत ओतलं आणि भावाच्या हातात दिलं. तो मोटरसायकलवर केंद्रावर गेला, अर्ध्या तासानं आला. १.८ लिटर, फॅट ४.४, एसएनएफ ८.७. केंद्रावर नाव विचारलं तर त्यानं सवयीनं नानांचंच सांगितलं, आणि वहीत ते अजून होतंच.

मी कुकर धुवायच्या सोड्याचं पाणी गरम करीत होतो. काकूनं पावती घेतली, दिव्याखाली धरून आकडे वाचले, आणि शेडमध्ये जाऊन चौथ्या तारेत ओवली. तार भरलेली होती, खालच्या पावत्या दाबून जागा करावी लागली.